हारातला फोटो

मंडळी, बसा! ऐसपैस बसा. मागचे पुढे या — पुढे सतरंजी आहे, मागे नुसती फरशी आहे, आणि ती दुपारच्या उन्हाने अजून तापलेली आहे. पुढे येण्यात माझं काही नाही, तुमचंच भलं आहे! फोन बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कुणी करत नाही. फक्त पालथे ठेवा. देवापुढे आपण पालथे पडतो, जरा फोनलाही सवय होऊ द्या!

तर मगाशी पूर्वरंगात एक प्रश्न आपण अर्धवट सोडला होता. आपलं माणूस म्हणायचं कुणाला?

सोपा वाटतो ना? सांगा बरं! रोज सकाळी पावणेसहाला गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ पाठवतो, तो आपला? त्याने ते फूल आणखी दोनशे जणांना पाठवलेलं असतं. आपल्या प्रत्येक फोटोला अंगठा दाखवतो, तो आपला? अहो, तो न बघता दाखवतो! मालिकेतली सून रडली की जिच्यासाठी आपण जेवायचं थांबतो, ती आपली? ...काकू, तुम्ही मान डोलावू नका, हा प्रश्न होता!

याचं उत्तर पुराणातून देऊ का? देता येईल. पण पुराणातल्या लोकांकडे फोन नव्हते, त्यांचं सगळं सोपं होतं. तेव्हा आज आख्यान लावतो जळगावचं. ऐका!

जळगावात एक कॉलनी. कॉलनीत एक प्रल्हादभाऊ. प्रल्हादभाऊ झांबरे. एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काय? म्हणजे खिडकीत बसायचं, माइक हातात घ्यायचा आणि साऱ्या स्थानकाला सांगायचं, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! चोपड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे!’ आणि प्रत्येक वाक्य दोनदा. का दोनदा? पहिल्यांदा आपण म्हणतो, ‘काय म्हणाला हो?’ दुसऱ्यांदा ऐकतो.

पुढे भाऊ निवृत्त झाले. खिडकी गेली, माइक गेला. आता एकतीस वर्षं माइकवर बोललेला माणूस घरात गप्प बसेल का? वहिनींनी, म्हणजे कौसल्याबाईंनी, तीन महिने सोसलं. ‘चहा झालेला आहे, चहा झालेला आहे’ असं हे स्वयंपाकघरातून दोनदा पुकारायचे! शेवटी बाईंनीच कॉलनीतल्या कराओके कट्ट्यात यांचं नाव घातलं.

कराओके माहीत आहे ना? यंत्र वाद्यं वाजवतं, शब्द पडद्यावर येतात, आपण फक्त गायचं. म्हणजे कीर्तनच की हो! फरक एवढाच, तिथे शब्द पडद्यावर येतात आणि इथे बुवांना पाठ नसले तर पेटीवाल्याकडे बघावं लागतं. ...पेटीवाले हसतायत बघा. त्यांना माहीत आहे!

प्रल्हादभाऊ गायचे. सुरात? सुराच्या जवळून जायचे, थांबा नव्हता तिथे! प्रेमगीत असं ठणठणीत म्हणायचे, की पहिल्या रांगेतली दोन माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. पण भाऊंचं द्वंद्वगीत ऐकायला मात्र सगळा कट्टा यायचा. कारण त्यांची जोडी. जोडीला कोण? सुपडू!

सुपडू बोरोले. आगारात यंत्र-कारागीर होता. एवढं धिप्पाड शरीर, हाताला ऑइल, मिशी अशी... आणि आवाज? बारीक! चिमणीसारखा! कट्ट्यात गाणाऱ्या बायका दोनच, आणि त्यांच्या तारखा मिळत नसत. मग नायिकेच्या ओळी कोण म्हणणार? सुपडू म्हणायचा. खांद्यावर पंचा पदरासारखा घ्यायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि लाजायचा! लोक हसून हसून लोळायचे, आणि दुसऱ्या कडव्याला गप्प व्हायचे. कारण सुपडू खरंच चांगला गायचा, मंडळी.

त्यांचं एक ठरलेलं गाणं होतं. नायक नदीच्या या काठावरून हाक मारतो आणि नायिका त्या काठावरून ओ देते. बस. पूर्ण गाणंभर एवढंच. हा हाक मारतो, ती ओ देते.

आणि दृष्ट लागली! कुणाची? राजकारणाची, दुसऱ्या कुणाची!

कट्ट्याचा फोनवर गट होता. एकशे बारा माणसं. गाण्यांसाठी काढलेला गट, तिथे गाणी सोडून सगळं यायचं. एक दिवस प्रल्हादभाऊंनी एका पुढाऱ्याचं कौतुक पुढे ढकललं. सुपडूने दुसऱ्या पुढाऱ्याचं ढकललं. भाऊंनी लिहिलं, ‘तुझ्या नेत्याला लाज नाही.’ सुपडूने लिहिलं, ‘तुझ्या नेत्याला अक्कल नाही.’ इथपर्यंत ठीक होतं हो, पुढाऱ्यांचं काय जातंय! पण मग भाऊंनी लिहिलं, ‘गाडीच्या खाली झोपून आयुष्य काढलेल्याने राजकारण शिकवू नये.’ आणि सुपडूने लिहिलं, ‘खिडकीत बसून ओरडणाऱ्याने तर मुळीच नाही.’

संपलं. एकतीस वर्षं एका डब्यात जेवलेली दोन माणसं! भरीत याच्या घरचं, कळण्याची भाकर त्याच्या घरची. आठ महिने एकमेकांशी बोलली नाहीत. सुपडू कट्ट्यावर यायचा बंद झाला.

आणि प्रल्हादभाऊ काय करायचे? ते गाणं सोडायचे का? नाही! दर शनिवारी तेच गाणं लावायचे. यांची ओळ आली की हाक मारायचे. नायिकेची ओळ आली की माइक धरून उभे. यंत्र वाजतंय, पडद्यावर शब्द सरकतायत, आणि म्हणायला कुणी नाही. आठ महिने हाक मारली माणसाने! वाकडं तोंड करून मारली, पण मारली.

फोन करायचा? छे! ‘त्याने करावा.’ का? ‘खिडकीचा उल्लेख त्याने केला!’ बघा मंडळी, अपमान कसा लक्षात राहतो! आपण केलेला सोडून.

आता कथा वळते. लक्ष द्या — दोनदा सांगत नाही!

चैत्रातली दुपार. प्रल्हादभाऊंचा सत्तरावा वाढदिवस. संध्याकाळी साडेसहाला कट्ट्यावर कार्यक्रम होता. गटाचे प्रमुख महाजन सर. मोठा भाषाप्रभू माणूस, साधं ‘पाणी आलं’ हेसुद्धा सात ओळींत लिहायचे! सरांनी शुभेच्छा लिहायला घेतल्या. सोबत फोटो हवा. कुठला? मागच्या वर्षी भाऊंचा सत्कार झाला होता, त्यातला. सरांनी तो कापला. शाल कापली, नारळ कापला, पाहुणे कापले. उरलं काय? भाऊंचा चेहरा आणि गळ्यातला हार!

आणि भाऊ फोटोत हसत नसत. डोळे अर्धे मिटलेले.

खाली मजकूर: ‘मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला सदैव धावून जाणारे आपल्या कट्ट्याचे आधारस्तंभ, आदरणीय प्रल्हादभाऊ झांबरे...’ आणि तिथे फोन म्हणतो, ‘आणखी वाचा’. शुभेच्छा त्या ‘आणखी’मध्ये!

आता मला सांगा, आपण ‘आणखी’ वाचतो का? आणि जिवंत माणसाला आपण कधी मनमिळाऊ म्हणतो का? सरांनी संदेश टाकला, फोन चार्जिंगला लावला आणि वामकुक्षीला आडवे झाले.

दोन वाजून दहा मिनिटं. पहिला कोण? दिगंबर फेगडे. हा सगळ्यात पहिलाच! दोनच बोटं, पण काय चपळ! त्याने हार पाहिला, मिटलेले डोळे पाहिले, आणि लिहिलं — ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

धरण फुटलं, महाराजा! ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘ॐ शांती.’ ‘विश्वासच बसत नाही.’ ‘कालच बोलणं झालं होतं.’ — याचं आणि भाऊंचं शेवटचं बोलणं दोन वर्षांपूर्वी झालं होतं, गाडी कुठे लावावी यावर! ‘कधीही भरून न निघणारी पोकळी.’ त्यात एक भला माणूस होता, नारखेडे. बिचाऱ्याने पूर्ण वाचलं होतं. त्याने लिहिलं, ‘वाढदिवसाच्या लाख शुभेच्छा!’ त्याच्यावर सगळे तुटून पडले! ‘नारखेडे, कुठे काय लिहावं याचं भान ठेवा!’ ‘लाज वाटली पाहिजे!’ मग नारखेडेने काय केलं असेल? पुन्हा वाचलं? नाही हो! त्याने आपलं पुसलं, माफी मागितली, आणि लिहिलं — ‘भावपूर्ण श्रद्धांजली’!

हसताय? हसा. आपल्यातले किती नारखेडे बसलेत, मला इथून दिसतायत.

इकडे प्रल्हादभाऊ गच्चीच्या जिन्याखाली कूलरसमोर पडले होते. फोन टिंग. टिंग. टिंगटिंगटिंग. उचलला, बघितलं. पुन्हा बघितलं. स्वतःची नाडी बघितली. चालू होती.

‘कौसल्या!’

‘काय?’ आतून आवाज. बाई वांगी भाजत होत्या.

‘मी गेलो.’

‘जाताच आहात तर येताना कोथिंबीर आणा.’

‘तसं नाही ग! मी वारलो. गटावर आलंय.’

बाई चिमटा घेऊन बाहेर आल्या. चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, ‘मग भरीत एकट्याच्या मापाचं करू का?’

भाऊंनी लिहायला घेतलं, ‘मी जिवंत आहे.’ बोट बटणावर... आणि थांबलं. कारण तेवढ्यात एक संदेश आला. ‘भाऊंच्या आवाजात जादू होती.’ कुणाचा? जो भाऊ गायला उभे राहिले की बाहेर चहाला जायचा, त्याचा! भाऊंनी लिहिलेलं हळूच खोडलं.

‘काय झालं?’

‘घाई काय आहे?’ भाऊ म्हणाले. ‘तासभर राहतो मेलेला.’

मंडळी, हा योग कुणाच्या नशिबी येतो का? आपलं कौतुक आपण वाचायचं, तेही कूलरसमोर! भाऊ वाचत होते आणि फुलत होते. मग अंत्ययात्रेचं सुरू झालं. ‘किती वाजता?’ ‘कळवा.’ ‘घरी फोन करू नये, घरचे दुःखात असतील.’ ‘ऊन फार आहे, संध्याकाळचं ठेवावं.’ आणि मग — ‘मी बाहेरगावी आहे, मनाने तिथेच आहे.’ हे दिगंबर फेगडेचं. भाऊ उठून गॅलरीत गेले. समोरच्या गल्लीत दिगंबर फेगडे, बनियनवर, कुंड्यांना पाणी घालत होता!

भाऊ हसले. परत येऊन बसले. साडेतीन झाले. संदेश शंभराच्या वर गेले. आता ते वाचत नव्हते. शोधत होते. वरून खाली, खालून वर. एकच नाव.

‘सुपडूचं नाही,’ ते म्हणाले.

बाई वांगं सोलत होत्या, त्यांनी मान वर केली.

‘एकशे चार जणांनी लिहिलं ग. नारखेडेने दोनदा लिहिलं. सुपडूने दोन शब्द लिहिले नाहीत. मेलो तरी नाही!’

‘त्याने बघितलं नसेल.’

‘गटात आहे तो. बघतो सगळं. मला माहीत आहे.’

मघाचं फुललेलं तोंड आता उतरलं होतं, मंडळी. आठ महिने मनात एक खात्री होती — भांडण आहे, पण माणूस आहे. ती खात्रीच गेली. भाऊ म्हणाले, ‘सांगून टाकतो आता, जिवंत आहे म्हणून. मजा गेली.’ फोन उचलला.

आणि फाटकापाशी रिक्षा थांबली.

रिक्षा कशी? दोन्ही बाजूंनी बांबू बाहेर आलेले! आत गवताचा भारा, पांढरं कापड, मांडीवर मातीचं मडकं. आणि मडकं धरून बसलेला सुपडू! शर्टाची बटणं खालीवर. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बूट.

आता हे नीट समजून घ्या. प्रत्येक वस्तीत असा एक माणूस असतो. कुणी गेलं की बाकीचे हात बांधून उभे राहतात, आणि हा न सांगता दुकानात जातो, सामान आणतो, गाठी मारतो. या कट्ट्यापुरता तो माणूस सुपडू होता. त्याने फोटो पाहिला. त्याने काही लिहिलं नाही. तो उठला, आणि पाय आपोआप त्या दुकानाकडे वळले. भर उन्हात, गावाच्या दुसऱ्या टोकाहून!

दार बाईंनी उघडलं. भाऊ दाराआड.

सुपडू उंबऱ्याच्या आत येईना. मडकं पायरीवर ठेवलं आणि बाजूला मटकन बसला.

‘वहिनी, माझ्याकडून बघवणार नाही. जरा बसू द्या.’

‘सुपडूभाऊ, अहो ऐका तरी...’

‘नका सांगू. कसं झालं ते नका सांगू. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, वहिनी! आठ महिन्यांच्या साठल्या होत्या. चांगल्या चांगल्या होत्या हो!’ आणि एवढा मोठा माणूस पंच्यात तोंड घालून रडायला लागला. ‘त्याला वाटायचं मी गाणं सोडलं. मी कुठे सोडलं? दर शनिवारी घरी तेच लावतो. त्याची ओळ आली की गप्प बसतो. माझी आली की म्हणतो. नुसता ओ देत बसतो, वहिनी... हाक मारायला कुणी नाही!’

आणि दाराआडून आवाज आला. ठणठणीत. बसस्थानकाचा!

‘सुपडू बोरोले यांनी कृपया लक्ष द्यावे! सुपडू बोरोले यांनी कृपया लक्ष द्यावे!’

सुपडूने वर पाहिलं. प्रल्हादभाऊ दारात उभे. लुंगीवर. डोळ्यांतून पाणी वाहतंय.

आता सुपडूने काय करावं? आनंदाने मिठी मारावी? त्याने पायातला बूट काढला आणि फेकून मारला!

‘मेला नाहीस?’

‘नाही ना भो!’

‘मेला नाहीस तर आठ महिने फोन का नाही केलास?’

‘तू का नाही केलास?’

‘मी रागावलो होतो!’

‘मग मी काय पेढे वाटत होतो?’

‘माझ्या नेत्याला लाज नाही म्हणालास!’

‘माझ्याला अक्कल नाही म्हणालास!’

कौसल्याबाई मधे उभ्या. एका हातात चिमटा, एका हातात आजचा पेपर. म्हणाल्या, ‘ते दोघे काल एका व्यासपीठावर होते. एकाच नारळाला दोघांचे हात. युती झालीय त्यांची. हा घ्या फोटो. त्यांच्याही गळ्यात हार आहेत!’

दोघांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग सुपडू म्हणाला, ‘माझ्या नेत्याला खरंच लाज नाही.’ आणि भाऊ म्हणाले, ‘आणि माझ्याला अक्कल.’ आणि मग जी मिठी पडली, मंडळी! रिक्षावाला बांबू उतरवता उतरवता थांबला आणि त्याने डोळे पुसले. त्याला कोण मेलं, कोण जगलं काहीच कळलं नव्हतं. पण तो रडला!

बरं, सामानाचं काय? तो दुकानदार दिलेला माल परत घेत नाही. घेईल कसा? त्याच्याकडून गेलेलं परत येत नाही, हीच त्याच्या धंद्याची रीत! पांढरं कापड कराओकेच्या पडद्याला लागलं. जुना पिवळा पडला होताच. बांबूंवर बाईंनी घोसाळ्याचा वेल चढवला. गवत शेजारच्या गाईने खाल्लं. राहिलं मडकं. बाई म्हणाल्या, ‘ते घरात नको.’ तेव्हा सुपडूने ते फाटकाबाहेर निंबाखाली ठेवलं, पाणी भरलं, वर झाकण, झाकणावर पेला. चैत्रातलं जळगाव! येणारा-जाणारा थांबतो, पितो, म्हणतो, ‘काय गार पाणी आहे हो!’ ज्याच्यासाठी आणलं तोही रोज त्यातलंच पितो.

पाच वाजता महाजन सर उठले. गट उघडला आणि पलंगावरून पडले! मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीत लिहिलं: ‘अरे, वाढदिवस आहे!’ लगेच एकेक संदेश नाहीसा व्हायला लागला. ‘हा संदेश हटवला आहे.’ ‘हा संदेश हटवला आहे.’ एकशे चार वेळा! आणि दिगंबर फेगडेने सगळ्यात आधी केकचं चित्र टाकलं. बाहेरगावाहून!

साडेसहाला कट्टा भरला. सगळे खाली मान घालून. प्रल्हादभाऊ माइकपुढे उभे राहिले. नव्या पडद्यावर शब्द आले. यंत्र वाजलं. भाऊंनी नदीच्या या काठावरून हाक मारली. नेहमीचीच — सुराच्या जवळून जाणारी. मग नायिकेची ओळ आली. भाऊ सवयीने गप्प झाले. माइक धरून उभे.

आणि मागच्या रांगेतून, मिशीवर हात फिरवत, खांद्यावर पंचा घेत, एक बारीक गोड आवाज आला. त्या काठावरून ओ आली, मंडळी!

सगळा कट्टा उभा राहिला. पूर्ण गाणं उभा राहिला! आणि या वेळी दिगंबर फेगडेने फोन काढला नाही. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता.

तर आपलं माणूस कुणाला म्हणायचं? ज्याला दोन शब्द लिहायचं सुचलं नाही, कारण तो एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून रस्त्यात होता, त्याला!

आता माझ्याकडे नका बघू. स्वतःकडे बघा. तुमचाही एक सुपडू आहे. आत्ता तुम्हाला आठवला, मला चेहऱ्यावरून दिसतंय. भावाशी बांधावरून, मैत्रिणीशी एका फोटोखालच्या शेऱ्यावरून, शेजाऱ्याशी पुढाऱ्यावरून... आणि तुम्ही दोघंही घरोघर अर्धं अर्धं गाणं म्हणत बसलाय. तो बांबू घेऊन येईपर्यंत थांबणार आहात का? उद्या सकाळी जा. संदेश पाठवू नका, जा! दार वाजवा. त्याने बूट फेकून मारला तर झेला आणि पायात घाला, बसा, भरीत मागा. आमचा विठ्ठल तरी काय करतो? कमरेवर हात ठेवून उभा आहे, आपण येऊ म्हणून. संदेश पाठवत नाही!

चला, आरतीची तयारी करा. आणि हो, आरती झाली की मंडळाचे अध्यक्ष रिवाजाप्रमाणे मला हार घालतील, तुम्ही फोटो काढाल, गटावर टाकाल. टाका! पण एवढी कृपा करा. मी हसेन, डोळे टक्क उघडे ठेवीन, आणि तुम्ही पहिल्याच ओळीत, ‘आणखी वाचा’च्या वर लिहा — ‘बुवा ठणठणीत आहेत, आत्ताच दोन वाट्या शिरा खाल्ला.’